बदलाची नोंद आणि नोंदीचा धनी

सातबाऱ्यावरून एखाद्याचं नाव कमी करायचं तर ते खोडत नाहीत, कंस करतात. हातानं लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यांवर हे अजून पाहायला मिळतं. नाव नीट वाचता येतं, दोन्ही बाजूंनी कंस पडलेला असतो आणि शेजारी वर्तुळात एक आकडा असतो. तो आकडा फेरफाराचा. त्याचा माग धरून गाव नमुना सहा उघडला की कळतं, खातेदार कधी वारला, वर्दी कोणी दिली, वारस कोण लागले, तलाठ्यानं नोंद कधी धरली आणि मंडळ अधिकाऱ्यानं ती कधी प्रमाणित केली. सातबारा आजची स्थिती सांगतो. त्या स्थितीपर्यंत जमीन कशी आली, ते फेरफार सांगतो. ज्याला जमिनीचं खरं जाणून घ्यायचं असतं, तो सातबारा पाहून थांबत नाही, फेर काढतो.

संगणकाच्या जगात आज ज्या कामाला डॉक्युमेंट डेटाबेसवर देखरेख म्हणतात, ते मुळात हेच काम आहे. मोंगोडीबी किंवा काउचडीबीसारख्या डेटाबेसमध्ये एका माणसाची, एका पावतीची, एका खात्याची सगळी माहिती एका कागदासारखी एकत्र ठेवलेली असते. या कागदांत कोणी काही घातलं, बदललं, काढलं, तर ते टिपणारं एक वेगळं सॉफ्टवेअर शेजारी बसवतात. ते बसवताना एका फाइलमध्ये वीस-पंचवीस ओळी लिहाव्या लागतात : कुठल्या कागदांवर लक्ष ठेवायचं, कुठल्या प्रकारचे बदल टिपायचे, किती दिवस ठेवायचे, कुठे ठेवायचे, कोणाला दाखवायचे. या ओळी सहसा कंत्राटदाराचा एखादा तरुण अभियंता लिहितो, किंवा लिहीतही नाही. सॉफ्टवेअरसोबत आलेली मूळ सेटिंग तशीच राहू देतो. माझं म्हणणं असं, की या वीस-पंचवीस ओळींत लोकांच्या हक्कांचा निकाल लागतो. तो तांत्रिक तपशील म्हणून सोडून देणं ही मोठी चूक आहे. यातले बहुतेक प्रश्न आपल्या महसूल व्यवस्थेनं शंभर वर्षांपूर्वीच विचारून ठेवले होते आणि एका बाबतीत तिचं उत्तर आजच्या सॉफ्टवेअरपेक्षा सरस आहे.

हे म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर हिंगोली–वाशीम रस्त्यावरचं कनेरगाव नाका आहे. नोंदींचं महत्त्व कळायला इतकी चांगली जागा थोडी सापडेल. जवळच्या पैनगंगेच्या पलीकडचा वऱ्हाड १८५३ साली निजामानं इंग्रजांच्या हाती सोपवला, १९०२ च्या करारानं तो कायमच्या पट्ट्यानं गेला. अलीकडचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिला. मग १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. नदीच्या अलीकडे परभणी जिल्हा होता, १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा झाला. पलीकडे अकोला होता, त्यातून १ जुलै १९९८ ला वाशीम निघाला. माणसं तीच, सोयरीक दोन्ही तीरांवरची, सोयाबीन आणि तूर दोन्हीकडे. पण दप्तरं वेगळी, भाषा वेगळ्या, कायदे वेगळे. या दोन्ही तीरांबाहेरच्या मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली आला. हैदराबाद संस्थानात तसा नियम १३५८ फसलीत, म्हणजे पोलीस कारवाईनंतर झाला. नदीच्या दोन्ही अंगांना जमीन असलेल्या घरानं आपला हक्क सिद्ध करायला दोन इतिहास सांभाळले आहेत. कागदावरच्या एका ओळीचं मोल अशा घराला शिकवावं लागत नाही.

आता याच नाक्यावर एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीनं सोयाबीन खरेदीसाठी असा डेटाबेस उभा केला असं समजू. प्रत्येक पावती हा एक कागद : शेतकऱ्याचं नाव, गट क्रमांक, वजन, ओलाव्याचं प्रमाण, बँक खातं. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याला बारा टक्क्यांची मर्यादा असते. सरकारनं कधी ती पंधरापर्यंत सैल केली, पण मर्यादा असतेच. म्हणजे पावतीवरचा ओलाव्याचा आकडा हा नुसता आकडा नाही. माल घेतला जाणार की परत जाणार, ते त्यावर ठरतं. तो आकडा संध्याकाळी साडेसातला चौदाचा साडेअकरा झाला, किंवा साडेअकराचा चौदा झाला, तर देखरेख करणारं सॉफ्टवेअर काय लिहील?

मोंगोडीबीत २०१७ पासून चेंज स्ट्रीम नावाची सोय आहे. डेटाबेस स्वतःच्या कामासाठी प्रत्येक बदल एका अंतर्गत वहीत लिहीत असतो, तिला ऑपलॉग म्हणतात. चेंज स्ट्रीम ती वही वाचून बाहेरच्या सॉफ्टवेअरला घटना कळवते. आपल्या पावतीबद्दल मूळ सेटिंगमध्ये ती एवढंच कळवते : अमुक क्रमांकाचा कागद, प्रकार अपडेट, ओलावा साडेअकरा, वेळ अमुक. आधी चौदा होता हे त्यात नाही. पूर्ण कागदही पाठव असं सांगितलं, तर ती बदलाच्या क्षणीचा कागद देईलच असं नाही. ती डेटाबेसकडे जाऊन त्या घटकेला असलेला कागद आणते, आणि मधल्या काळात आणखी कोणी हात मारला असेल तर नंतरचं रूप येतं. काही ॲप तर एक आकडा बदलायचा असला तरी सगळा कागद नव्यानं लिहितात. तेव्हा नोंद येते ती कागद बदलल्याची, आणि त्यातलं नेमकं काय बदललं हे कळायला मार्ग राहत नाही. बदलाआधीचं रूप जपण्याची सोय, ज्याला प्री-इमेज म्हणतात, ती २०२२ च्या सहाव्या आवृत्तीत आली. ती आपणहून चालू नसते, प्रत्येक संग्रहासाठी मुद्दाम चालू करावी लागते. डिस्कवरची जागा खाते म्हणून पुष्कळ जण ती बंदच ठेवतात.

कंस न करता नाव खोडून टाकलेला सातबारा आपण चालवून घेतला असता का? नसता. कंसात जुनं नाव वाचता येतं, म्हणून तर भांडता येतं. आधीचं रूप जपणं हा नोंदीचा गाभा आहे. ज्या नोंदीत फक्त नवी किंमत आहे ती तक्रारदाराच्या काही कामाची नाही, कारण त्याला सिद्ध करायचं असतं ते आधीचंच. डिस्कच्या जागेचा हिशेब इथे पुढे करू नये. पावतीसारख्या छोट्या कागदाच्या हजारो जुन्या प्रती ठेवायला जी जागा लागते, तिची किंमत एका ट्रॉलीभर सोयाबीनच्या वादापुढे काहीच नाही.

यापेक्षा मोठी उणीव दुसरीच आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. चेंज स्ट्रीममध्ये बदल करणाऱ्याचं नाव येत नाही. काय बदललं, केव्हा बदललं, एवढं कळतं. कोणी बदललं, कोणाच्या सांगण्यावरून, कशाच्या आधारानं, हे डेटाबेसला त्या पातळीवर ठाऊकच नसतं. पुष्कळदा सगळी ॲप एकाच खात्यानं डेटाबेसशी जोडलेली असतात, म्हणजे डेटाबेसच्या दृष्टीनं गावातली सगळी माणसं एकाच नावाची. नाव हवं असेल तर ॲपनं प्रत्येक बदलासोबत ते कागदात लिहायला हवं, नाहीतर डेटाबेसचं वेगळं ऑडिट चालू करून प्रत्येक माणसाला स्वतंत्र खातं द्यायला हवं. फेरफाराच्या नोंदीत काय असतं ते याच्या शेजारी ठेवून पाहा : वर्दी देणाऱ्याचं नाव, हक्क कशानं मिळाला त्याचं स्वरूप (खरेदी, वारसा, वाटणी, बोजा), बाधित गट क्रमांक, आणि प्रमाणित करणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा व सही. बदलाचं कारण हा तिथे स्वतंत्र रकाना आहे. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये कारणाचा रकाना मी क्वचितच पाहिला आहे. असला तरी तो रिकामा सोडता येतो, मग माणसं त्यात टिंब टाकतात आणि पुढे जातात.

मग बदल थेट ॲपमध्येच टिपावेत, डेटाबेसच्या पातळीवर कशाला उतरायचं, असं कोणी म्हणेल. उतरावं लागतं, कारण प्रत्येक व्यवस्थेला मागचं दार असतं. ॲपमधून बदल करणारा कारकून ॲपच्या नोंदीत सापडतो. पण डेटाबेसचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे, तो ॲपला वळसा घालून थेट कागद बदलू शकतो आणि ॲपला त्याचा पत्ता लागत नाही. ऑपलॉग वाचणाऱ्या देखरेखीला मात्र तो बदलही दिसतो. म्हणून दोन्ही हवेत. ॲपनं नाव आणि कारण लिहावं, डेटाबेसच्या देखरेखीनं प्रत्येक बदल टिपावा, आणि जो बदल देखरेखीत आहे पण ॲपच्या नोंदीत नाही, त्याची रोज यादी निघावी. ती यादी म्हणजे मागच्या दारानं आत आलेल्यांची यादी.

महसूल खात्यातही असं दार आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ मध्ये हक्कनोंदीतल्या लेखनाच्या चुका दुरुस्त करण्याचा अधिकार दिला आहे. तो लागतोच. ‘पांडुरंग’चा ‘पांडूरंग’ झाला म्हणून कोणी दिवाणी दावा लावणार नाही. पण या कलमाच्या आडून चूकदुरुस्तीच्या नावाखाली हक्कच फिरवल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या आहेत. हातानं लिहिलेले सातबारे संगणकावर चढवताना ज्या असंख्य विसंगती राहिल्या, त्या दूर करण्यासाठी दुरुस्त्यांचा वापर आणखी वाढला. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचनाची मोहीम घ्यावी लागली, ती यासाठीच. संगणकात जे चढलं ते लोकांसमोर मोठ्यानं वाचून दाखवा आणि चुकलं असेल तर त्यांच्याकडूनच ऐका. यातून एक नियम मी काढतो : दुरुस्तीचा मार्ग बंद करता येत नाही, म्हणून नेहमीच्या मार्गापेक्षा दुरुस्तीच्या मार्गावर जास्त कडक नजर हवी. देखरेखीच्या सेटिंगमध्ये मात्र बहुतेक वेळा उलट होतं. नेहमीचे बदल टिपले जातात आणि प्रशासकाच्या खात्यानं केलेले ‘देखभालीचे’ बदल गाळणीतून वगळले जातात, कारण त्यांनी लॉग फुगतो.

आता एक साधी, पण मला फार महत्त्वाची वाटणारी गोष्ट. देखरेख करणारं सॉफ्टवेअर बंद पडतं. वीज जाते, लाइन तुटते, सर्व्हर भरतो. नाक्यावर पावसाळ्यात यात नवल काही नाही. ते पुन्हा चालू झालं की कुठून वाचायला लागायचं हे कळावं म्हणून प्रत्येक घटनेसोबत रिझ्यूम टोकन नावाची खूण येते. ती खूण कधी जपायची याला फार महत्त्व आहे. घटना लॉगमध्ये पक्की लिहून झाल्यावर खूण पुढे सरकवली, तर वाईटात वाईट म्हणजे एखादी घटना दोनदा लिहिली जाईल. आधी खूण सरकवून मग घटना लिहायला घेतली आणि मध्येच वीज गेली, तर ती घटना कायमची हुकली. दोनदा लिहिलेलं गाळता येतं, हुकलेलं आणता येत नाही. दुसरं असं, की ऑपलॉगची वही अनंत नाही. मूळ सेटिंगमध्ये ती मोकळ्या डिस्कच्या पाच टक्के आणि जास्तीत जास्त पन्नास जीबी असते. भरली की जुनी पानं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं. देखरेख दोन दिवस बंद राहिली आणि वही एका दिवसात फिरून आली, तर मधला इतिहास संपला. डेटाबेस तसं चुकीच्या संदेशातून सांगतो, पण तो संदेश वाचायला कोणी नसतं. मग कोणीतरी देखरेख ‘आतापासून’ चालू करून देतो आणि लॉगमधली पोकळी शांत दिवसासारखी दिसत राहते.

काही घडलं नाही आणि कोणी पाहिलं नाही, या दोन गोष्टी लॉगमध्ये वेगळ्या दिसल्या पाहिजेत. सरकारी कचेरीत यासाठी ‘निरंक’ अहवाल असतो. माहिती मागवली आणि सांगण्यासारखं काही नसलं तरी गप्प बसायचं नाही, निरंक असं लिहून पाठवायचं. देखरेखीच्या सॉफ्टवेअरनंही दर काही मिनिटांनी अशी निरंक नोंद लिहावी : मी जागा आहे, अमुक खुणेपर्यंत वाचलं, बदल नाही. आणि प्रत्येक नोंदीला सलग क्रमांक द्यावा. फेरफाराला असा क्रमांक असतो. ११४२ नंतर थेट ११४४ आला की गावातला कोणीही विचारेल, मधला कुठे गेला? याच्याही पुढे जाऊन प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा हॅश, म्हणजे गणिती ठसा गुंफता येतो. मग मधलं पान फाडलं तर पुढच्या सगळ्या पानांचे ठसे चुकतात. कागदी वहीला हे जमत नव्हतं. मागाहून घुसवलेले फेर आणि बदललेली पानं मराठवाड्यात आणि विदर्भातही लोकांनी पाहिली आहेत. जुनी वही पवित्र होती असं मी म्हणत नाही. या बाबतीत नवं तंत्र निश्चित पुढे आहे, मात्र ते मुद्दाम बसवावं लागतं.

नोंदी किती दिवस ठेवायच्या हा प्रश्न पैशाचा समजला जातो. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशात संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलं. पुष्कळ ठिकाणी तोच आकडा सेटिंगमध्ये टाकून मोकळे होतात. पण तो आकडा सायबर हल्ल्याच्या तपासासाठी आहे. हक्काच्या नोंदीला तो लावणं चूक आहे. फेरफाराची नोंदवही कायम जपायची असते, आणि ती का, हे २०२३ पासून मराठवाडा रोज पाहतो आहे. मराठा आरक्षणाच्या मागणीवरून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा निजामाच्या काळातली मोडी आणि उर्दू दप्तरं उघडावी लागली. पलीकडच्या वाशीमकडे अशा नोंदी मिळणं तुलनेनं सोपं आणि अलीकडे अवघड, हा फरक कनेरगावच्या घराघरांत माहीत आहे. ज्या कारकुनानं शंभर वर्षांपूर्वी सारावसुलीसाठी एक शब्द लिहिला, त्याला त्याच्या पणतूच्या वयाच्या मुलाचा कॉलेजप्रवेश त्यावर अडणार हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्या मागणीच्या बाजूनं किंवा विरोधात मी इथे काही बोलत नाही. मुद्दा इतकाच, की नोंद उद्या कशासाठी लागेल हे आज ठरवणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून ती पुसण्याचा निर्णय एका अभियंत्यानं एका आकड्यात घेऊ नये.

देखरेख बंद करण्याचा अधिकार कोणाकडे असावा, याचं उत्तर निदान एका क्षेत्रात कायद्यानं दिलं आहे. कंपन्यांच्या लेखा नियमांत दुरुस्ती करून १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक झालं, ज्यात प्रत्येक फेरबदलाची तारखेनिशी नोंद राहते आणि ती सोय बंद करता येत नाही. टॅलीनं त्यासाठी एडिट लॉगची वेगळी आवृत्ती काढली. ‘बंद करता येत नाही’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. व्यापाऱ्यांच्या हिशेबाला जे संरक्षण मिळालं, ते रेशनकार्डाला, पीकविम्याच्या अर्जाला, घरकुलाच्या यादीला मिळू नये याला काही कारण मला दिसत नाही.

पण हे सगळं जमवलं तरी, अगदी आधीचं रूप, नाव, कारण, निरंक, ठसे, सगळं असलं तरी, तो लॉग अर्धाच राहतो. कारण तो वाचतो कोण? व्यवस्थेचा मालक. ज्याच्या कागदात बदल झाला त्याला काहीच कळत नाही. इथे फेरफाराची जुनी पद्धत मला आजच्या सॉफ्टवेअरपेक्षा शहाणी वाटते. महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे तलाठी नोंद धरतो तेव्हा ती कच्ची असते. तिची प्रत चावडीवर लागते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. त्यानंतर मंडळ अधिकारी किंवा वरचा अधिकारी प्रमाणित करतो. आणि एकदा प्रमाणित झाल्यावर कलम १५७ प्रमाणे ती खरी धरली जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. कायदा नोंदीवर इतका भरवसा टाकतो तो या मधल्या पायऱ्यांमुळे. ज्याचं जाणार आहे त्याला आधी विचारलं आहे, म्हणून नोंदीला वजन आहे.

याच्या विरुद्ध बाजूला बळ आहे, ते मी नाकारत नाही. फेर महिनोन्‌महिने अडकतात. नोटिशीची पायरी हीच कित्येकदा पैसे मागण्याची जागा होते. ज्याला मुलीच्या लग्नाआधी कर्ज काढायचं आहे त्याला पंधरा दिवसही जड जातात. प्रत्येक बदलाला नोटीस म्हटलं तर खरेदी केंद्रावर रांग हलणार नाही. शिवाय लॉगमध्ये लोकांची बँक खाती, आधार, आजार असं सगळं साठतं. तो सगळ्यांना उघडा केला तर घरचं गुपित नाक्यावर टांगल्यासारखं होईल. म्हणून मी सरसकट नोटीस मागत नाही. रकान्यांची निवड करा. पावतीवर कोणत्या वखारीत पोतं ठेवलं हे बदललं तर कळवू नका, पण वजन, ओलावा, बँक खातं आणि नाव या चार रकान्यांना हात लागला की ज्याची पावती आहे त्याच्या मोबाइलवर मराठीत संदेश जाऊ द्या : जुना आकडा, नवा आकडा, बदलणाऱ्याचं पद, कारण, आणि हरकत कुठे द्यायची. बँक खातं बदललं तर हरकतीची मुदत संपेपर्यंत पैसे सोडू नका. प्रत्येकाला स्वतःच्या कागदाचा इतिहास दिसावा, दुसऱ्याचा दिसू नये. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही. चेंज स्ट्रीमला ठरावीक रकान्यांचीच गाळणी लावता येते, ती याच कामासाठी आहे.

राज्यानं ‘आपली चावडी’ हे संकेतस्थळ करून फेरफाराची नोटीस इंटरनेटवर आणली, हे पाऊल मला मोलाचं वाटतं. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की चालू फेर दिसतात. पण ते आपण जाऊन पाहावं लागतं. पुण्यात नोकरीला गेलेला, ज्याची चार एकर पैनगंगेकाठी आहे, तो दर आठवड्याला संकेतस्थळ उघडणार नाही, आणि त्याची गावातली म्हातारी आई तर नाहीच. बदलानं माणसाकडे जायला हवं. माणसानं बदलाच्या शोधात फिरणं ही जुन्या चावडीची मर्यादा होती, कारण तिला पाय नव्हते. आजच्या सॉफ्टवेअरला आहेत.

म्हणून सरकारी खातं, सहकारी संस्था किंवा शेतकरी कंपनी असा डेटाबेस घेईल तेव्हा निविदेत आणि सभेच्या ठरावात काही गोष्टी मराठीत, रकान्यांच्या नावांसह लिहून ठेवाव्यात. कुठल्या रकान्यांचं आधीचं रूप जपायचं. नोंद कोणत्या दुसऱ्या यंत्रावर जाईल, आणि डेटाबेसचा प्रशासक तिथे लिहू शकणार नाही याची खात्री कोण करेल. निरंक नोंद चुकली तर फोन कोणाला जाईल. देखरेख थांबवायची तर कोणत्या दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतील. कोणत्या बदलाची सूचना सभासदाला जाईल. वार्षिक सभेत हिशेब वाचतात तसा वर्षातल्या दुरुस्त्यांचा गोषवारा वाचावा : किती पावत्या बदलल्या, कोणत्या कारणांनी, किती हरकती आल्या, देखरेख किती तास बंद होती. अभियंत्यानं मग ठरावाप्रमाणे सेटिंग लिहावी आणि त्या फाइलची छापील प्रत इतिवृत्ताला जोडावी, म्हणजे उद्या कोणी ती सेटिंगच बदलली तर कोणत्या ओळीपासून विचारायचं हे सभासदांना माहीत असेल.